मुक्काम कोमोत नको, वारेन्नाला करा
आईबाबांना घेऊन इटलीतल्या कोमो सरोवराला जाताना कोमो शहरात राहायचं म्हणताय, पण मी तरी त्याच सरोवराकाठचं वारेन्ना गाव घेईन. मिलानच्या मुख्य स्टेशनावरून, मिलानो सेंत्रालेहून, थेट ट्रेन आहे, साधारण तासाभरात पोचते आणि बेलाजो, मेनाज्जो ही काठावरची गावं फेरीबोटीने अगदी जवळ. बेलाजोत पायऱ्याच पायऱ्या आहेत हां, गुडघ्यांचं बघा. आणि आल्प्समधून स्वित्झर्लंडला जाणारी बर्निना ट्रेन या सहलीत बसेल का विचारलंत, तर आरामात बसेल, वारेन्नाचीच लाइन पुढे तिरानोला जाते, तिथून ही बर्निनाची लाल गाडी २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनावरून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला. मोठ्या काचांच्या पॅनोरमिक डब्याला रिझर्वेशनचे जादा पैसे पडतात, साध्या गाडीला नाही, रूळ तेच डोंगर तेच, मग कशाला उगाच? शेंगेन व्हिसा इटली-स्वित्झर्लंड दोन्हीकडे चालतो पण पासपोर्ट जवळ ठेवा, आणि जून असला तरी स्वेटर घ्याच.