रेव्हिटमध्ये पायरीचा राफ्ट : सांध्यावर रेषा राहतात, क्वांटिटी जुळत नाही

मरोळचा_मॉडेलर
मुलुंडला टेकडीच्या अंगाला प्लॉट आहे. राफ्ट (इमारतीखालचा सलग काँक्रीटचा पाया) ९०० मिमी जाड, काँक्रीट एम ३० ग्रेडचं. टेकडीकडचा भाग ६०० ने वर. कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्ये राइझर (पायरीचा चेहरा) उभा आणि खालून ४५ अंशांचा उतार. मी रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) दोन फाउंडेशन स्लॅब वेगवेगळ्या ऑफसेटला (उंचीला) काढले आणि उताराला स्लॅब एज (स्लॅबच्या कडेने जोडायचा तुकडा) लावली. सेक्शनमध्ये सांध्यावर रेषा राहतायत, राफ्ट काटकोनात वळतो तिथे फट दिसते आणि काँक्रीट हाताने काढलेल्या हिशेबाशी जुळत नाही. क्यूएसच्या (मालाचं मोजमाप करणाऱ्या) मॅडम रोज सकाळी टेबलाशी येऊन उभ्या राहतात. शेप एडिटिंगने (स्लॅबचे बिंदू वरखाली करून) एकच स्लॅब खाली वळवला तर चालेल का?

ठाणेकर_बिम
जॉइन जॉमेट्री (दोन तुकडे एकत्र जोडायची कमांड) कर ना.

मरोळचा_मॉडेलर
केलं दादा. रेषा तशाच.

ठाणेकर_बिम
मग मटेरियल बघ. दोन्हीकडे तेच मटेरियल नसेल तर जॉइन करूनही रेषा जाणार नाही. आणि स्लॅब एजचं शेड्यूल वेगळं असतं, फाउंडेशनच्या शेड्यूलमध्ये ती शोधत बसू नकोस.

पंप_चालू_ठेवा
शेप एडिटिंगच्या नादाला लागू नकोस. त्याने उतार मिळेल, उभा राइझर कुठून आणणार?

पायरी हा राफ्टचा तिसरा तुकडा धर आणि आधी कागदावर छेद काढ. वरचा स्लॅब राइझरच्या १००० मागे थांबव. खालचा बरोबर राइझरच्या रेषेवर सुरू कर. मध्ये उरतो तो तुकडा : माथ्यावर १०००, राइझरच्या रेषेवर खाली १५०० (६०० पायरी, ९०० खालचा स्लॅब), तळाला मागे ४००, तिथून ४५ अंशांत ६०० वर. क्षेत्रफळ १.५ वजा ०.१८, म्हणजे १.३२ चौरस मीटर. रनिंग मीटरला १.३२ घनमीटर काँक्रीट. मॅडमना हा आकडा दे, त्या खूश.

१००० का? राइझरच्या पायथ्यापासून उतरत्या तळापर्यंत काटकोनात मोजलंस तर ९१९ भरतं. ९०० मागे थांबलास तर तेच ८४९ होतं, म्हणजे ऐन वळणावर राफ्ट बारीक. तुझ्या ड्रॉइंगमध्ये हे माप लिहिलेलं नसेल तर कन्सल्टंटकडून लेखी घे, मनाने टाकू नकोस.

हा छेद इन-प्लेस मॉडेलमध्ये (प्रोजेक्टमध्येच जागेवर बनवलेला घटक) स्वीप कर, म्हणजे रेषेवरून ओढ, कॅटेगरी स्ट्रक्चरल फाउंडेशन. पाथ एकसंध ठेवलास तर काटकोनातला कोपरा आपोआप मिटतो. तुकडे एकमेकांवर चढत नसल्यामुळे जॉइन करायच्या आधीच क्वांटिटी बरोबर येते, जॉइन फक्त रेषा घालवायला. कॅटेगरी जनरिक मॉडेल ठेवलीस तर 'कॅन होस्ट रीबार'ला टिक कर, नाहीतर सळ्या टाकताना हात चोळत बसशील.

सळ्यांचं म्हणशील तर खालच्या स्लॅबची वरची जाळी राइझरच्या पायथ्याशी वाकवून वर न्यायची नाही. आतल्या कोपऱ्यात वाकवलेली सळई ताण आला की सरळ व्हायला बघते आणि कव्हर (सळईवरचं काँक्रीट) उडवते. ती सरळ आत घुसव. वरच्या स्लॅबची खालची जाळीही तशीच सरळ पुढे. एम ३० ला फे ५०० ग्रेडच्या सळईची डेव्हलपमेंट लेंग्थ (काँक्रीटने सळई पक्की धरायला लागणारी लांबी) साधारण ४५ डाया, म्हणजे व्यासाच्या ४५ पट, २० एमएमला ९०० च्या वर. बार बेंडिंगवाला वाकवूनच आणेल, त्याला आधी सेक्शन दाखव.

मरोळचा_मॉडेलर
सर, एकदम क्लिअर. एकच अडचण. साइटवाले म्हणतात टेकडीकडे काळा दगड लागलाय, ब्रेकरने उभाच तुटतो, ४५ अंश निघत नाही.

पंप_चालू_ठेवा
मुलुंडचा बेसाल्ट, दुसरं काय होणार. उतार मुख्यतः मुरुमासाठी असतो, तो उभा राहत नाही म्हणून.  दगड १००० च्या रेषेपर्यंत उभा तुटला, तर उताराखालचा तो ०.१८ चा त्रिकोण पीसीसीने (सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटने) भरून वर उतार बांधून घे. पीसीसी वेगळा आयटम, वेगळं मटेरियल, राफ्टशी जॉइन करू नकोस. दगड कमी तुटला, म्हणजे ४०० वरच उभा राहिला आणि राफ्टच्या आत आला, तर मात्र ब्रेकर परत लावायला सांग.

आणि बॉक्स वॉटरप्रूफिंग (पायाला बाहेरून दगडी लाद्यांचं पाणीरोधक आवरण) आहे ना? शहाबादी लाद्यांचा थर उतारावरही तितकाच जाड धर. खोदाईची लेव्हल त्याच्याखालून मोजायची, राफ्टच्या तळापासून नाही.

मरोळचा_मॉडेलर
आहे. मग वरचा स्लॅब आधी मागे घेतो, शहाबादी आणि पीसीसी वेगळ्या फ्लोअर टाइपमध्ये टाकतो.