लोकप्रशासनात उत्तराधुनिक विचार घेऊन करायचं काय?

प्रश्न:
एमएला लोकप्रशासन आहे. वेबर, टेलर, सायमन या जुन्या विचारवंतांपर्यंत सगळं नीट कळलं पण उत्तराधुनिक प्रकरणाला आले आणि तिथेच अडकले. एकच एक सत्य नाही, सगळं भाषेतून घडतं म्हणतात, मग अधिकाऱ्याने निर्णय कशाच्या जोरावर घ्यायचा? फाइल तर निकाली काढावीच लागते ना. कोणी सोपं करून सांगाल का प्लीज

प्रतिसाद 1:
फ्रेंच विचारवंत ल्योतारपासून सुरू करा. महाकथनांवरचा, म्हणजे सगळ्याला एकच उत्तर देणाऱ्या मोठ्या कथांवरचा विश्वास उडणं म्हणजे उत्तराधुनिकता, हे त्याने 1979 मध्ये मांडलं. आता आपल्या विषयातलं महाकथन कुठलं? राजकारण वेगळं, प्रशासन वेगळं, अधिकारी तटस्थ आणि शास्त्रीय पद्धत लावली की बरोबर उत्तर मिळतं. वुड्रो विल्सनच्या 1887 च्या निबंधापासून हेच चालत आलंय, आणि सायमनने तथ्य (काय आहे) आणि मूल्य (काय असावं) वेगळी केली तीही त्याच वाटेवर.

प्रतिसाद 2:
मी अर्ज तपासायचं काम केलंय म्हणून सांगते. फॉर्मवर विवाहित, विधवा, घटस्फोटित एवढेच रकाने. नवरा सोडून गेलाय पण कागदोपत्री काहीच झालं नाही अशी बाई आली की तिला लिहायचं कुठे? तिची अडचण खरी असते, पण ऑफिसच्या भाषेत ती बसतच नाही. भाषेतून घडतं म्हणजे हे, माझ्यापुरतं तरी. लोकप्रशासनाचा अभ्यासक फार्मरने 1995 च्या पुस्तकात कार्यक्षमता या शब्दाचीच विरचना केलीय, म्हणजे तो शब्द सुटा करून त्यात काय झाकलं जातं ते दाखवलंय, ते जरूर वाचा, दिवसात किती अर्ज निकाली निघाले हे मोजताना ती बाई मोजलीच जात नाही.

प्रतिसाद 3:
पटलं, पण वेबरला, म्हणजे त्याच्या लेखी नियमांवर चालणाऱ्या नोकरशाहीला इतक्यात सोडू नका. ज्याची ओळखपाळख नाही त्याला लेखी नियमाचाच आधार असतो, नियम सैल झाला की साहेबाची मर्जी चालते आणि तिथे गरीब माणूसच आधी मार खातो.

प्रश्नकर्ती:
मग नियमाला पर्याय म्हणून हे लोक देतात काय??

प्रतिसाद 1:
फॉक्स आणि मिलर हे उत्तराधुनिक लेखक पर्याय म्हणून चर्चा सुचवतात, तेही 1995 चंच पुस्तक. पण कुठलीही बडबड नव्हे, बोलणारा प्रामाणिक हवा, समोरच्या परिस्थितीला धरून बोलणारा हवा, मन लावून ऐकणारा हवा आणि चर्चेत काहीतरी भर घालणारा हवा. निर्णय घ्यायचाच आहे, फक्त रकाने आखताना ती बाईही टेबलाशी हवी.

प्रतिसाद 3:
आणि तिला त्या दिवसाची मजुरी बुडवून यावं लागलं तर? याचं उत्तर मला फॉक्स-मिलरमध्ये सापडलेलं नाही.