गेम्सबद्दलचं चारचौघांत न पटणारं मत

उघडपणे बोललात तर मित्र तुटून पडतील, असं व्हिडिओ गेम्सबद्दलचं तुमचं मत इथे लिहा. अट एकच: मत खेळून बनलेलं हवं, ट्रेलर बघून नको.

सुरुवात मी करतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) ची कथा उत्तम आहे, पण ती मी खेळलो नाही, नुसती बघितली. एरवी घोडा घेऊन बर्फात भटका, दलदलीत भटका, कुणी विचारत नाही. मिशन सुरू झालं आणि ठरलेली वाट सोडली, की लगेच फेल. मी दरोडेखोरांच्या टोळीत आहे की शाळेच्या सहलीत?

—

फेलबद्दल मान्य. पण बाकीच्यांना ज्याचा कंटाळा येतो तेच मला त्यात आवडतं. हरणाचं कातडं सोलणं, बंदूक साफ करणं, कपाटाचा एकेक खण उघडून बघणं. गोळीबार निम्मा असता तरी चाललं असतं.

—

माझं मत: पात्रांनी कमी बोलावं. 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) मध्ये जेमतेम संवाद आहेत. मेलेल्या मुलीला परत आणायचं म्हणून सोळा महाकाय जीव मारायचे, बस. त्यातला तेरावा वाळवंटावर हवेत तरंगत असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या अंगाखालच्या हवेच्या पिशव्या बाणांनी फोडायच्या, तो खाली आला की भरधाव घोड्यावरून उडी मारून पंख धरायचा, पाठीवर चढायचं आणि तलवार खुपसायची. एवढं करूनही तो उलटून हल्ला करत नाही. त्या वेळी नायक चुकतोय असं कुणी म्हणत नाही; पण बटण मीच दाबत होते ना! त्यानंतर दुसऱ्या गेममधल्या एखाद्या कटसीनमध्ये (नुसत्या बघायच्या प्रसंगात) नायक रडायला लागला की मी सरळ चहा ठेवायला उठते.

—

ताई, असहमत. 'डिस्को एलिझियम' (२०१९) म्हणजे सगळी बडबडच, लढाई जवळजवळ नाही. तब्येतीचे गुण कमी घेऊन सुरुवात केली आणि छताच्या पंख्यावरचा टाय काढायला गेलो, तर हृदयविकाराने मेलो. गेम संपला, तोही पहिल्याच खोलीत! इतका हसलो नव्हतो कधी. संवाद वाईट नसतात, ते आपल्या हातात नसतात हे वाईट.

—

'डार्क सोल्स'ची कथा भारी असते म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती यूट्यूबवर ऐकलेली असते. अंगठीच्या वर्णनात दोन ओळी, तलवारीच्या वर्णनात दोन ओळी, जोडत बसा. वातावरण अप्रतिम, कबूल. पण गेम फार अवघड, आणि 'जमत नसेल तर अजून सराव कर' हे उत्तर आता पुरे. रात्री आठला ऑफिसमधून येणाऱ्याने सराव कधी करायचा? 'सेलेस्ट' (२०१८) मध्ये गेमचा वेग कमी करता येतो, वाटलं तर मरणसुद्धा बंद करता येतं. त्याने गेम पातळ झाला असं मला तरी वाटलं नाही.

—

मोबाइलवर खेळणारे गेमर नसतात म्हणे! आमच्या गावात गेमिंगचा पीसी कुणाकडेच नव्हता. पबजीत चौघं चार शहरांत नोकरीला गेलो तरी रात्री 'पोचिंकीला (गेममधलं एक गाव) उतरायचं का' यावरून भांडण व्हायचंच. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि बोलणंच थांबलं, कारण नुसता फोन करून काय बोलायचं ते कुणाला सुचेना. पुढे बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, आला, तोवर एकाचं लग्न झालं होतं. त्या सामन्यांना लिहिलेली कथा नव्हती. तरी खेळाची जागा आक्रसत उरलेल्या शेवटच्या वर्तुळात कोण कुणाला सोडून पळाला, हे आम्ही अजून सांगतो.

—

'राजी' (२०२०) पुण्यात बनला याचा अभिमान आहेच. पण 'आपला आहे' एवढ्यावर गुण देणं बंद करा. भिंतींवरच्या चित्रांतून सांगितलेल्या देवांच्या गोष्टी आणि दुर्गा-विष्णूचं निवेदन मला फार आवडलं, राक्षसांशी त्याच त्या मारामाऱ्यांनी कंटाळा आणला. असं स्पष्ट सांगितलं तरच पुढचा गेम सुधारेल.

—

मी साठीची. टेट्रिस, १९८४. नायक नाही, खलनायक नाही, शेवट म्हणजे फक्त हरणं. लेकाने महागडा कन्सोल आणलाय, त्यावर मी तेच खेळते. तो चिडतो.

—

काकू, हायस्कोर टाका.