द्रवरूप पॅराफिनचे भंजन: ब्रोमीन जलाचा रंग जातच नाही

प्रश्न: भंजन, म्हणजे कार्बनच्या लांब साखळीचे रेणू उष्णतेने तोडणे, करून पाहतोय. परीक्षानळीच्या तळाशी पॅराफिनमध्ये भिजवलेला कापूस, मध्ये चिनीमातीचे तुकडे. वायू पाण्यावर गोळा होतो, पण त्यातल्या अल्कीनमुळे (दुहेरी बंधाच्या हायड्रोकार्बनमुळे) रंगहीन व्हायला हवे ते ब्रोमीन जल नारिंगीच राहते. शिवाय एकदा पाणी उलटे चढून नळी तडकली. काय चुकतंय?

उत्तर १: गोळा केलेल्या वायूची पहिली नळी तपासली असणार. तिच्यात बहुतेक उपकरणातली हवाच असते, ती टाकून द्या. दुसरी-तिसरी वापरा, २-३ थेंब फिकट ब्रोमीन जल घालून बूच लावून हलवा. गडद ब्रोमीन जलाला तेवढा वायू पुरत नाही. आणि कापूस नको, तो स्वतःच करपतो. रॉकवूल (उष्णता सहन करणारे खनिज तंतू) घ्या, पॅराफिन साधारण २ मिली.

उत्तर २: ज्योत कुठे धरता, हे सर्वांत महत्त्वाचं. आधी तुकडे चांगले तापवा, मग ज्योत क्षणभर रॉकवूलकडे नेऊन पुन्हा तुकड्यांवर आणा. पॅराफिनच जास्त तापवलं तर वाफ न तुटता पुढे जाते आणि पाण्यावर तेलकट थर दिसतो. वाफ तापलेल्या पृष्ठभागावरून गेली तरच साखळी तुटते. उदाहरणार्थ C₁₀H₂₂ → C₈H₁₈ + C₂H₄ (यातले C₂H₄ हे अल्कीन). प्रत्यक्षात मिश्रणच मिळतं.

उत्तर ३: नळी तडकण्याचं कारण: ज्योत बाजूला झाली की आतला वायू आकुंचन पावतो आणि पाणी ओढलं जातं. म्हणून वाहकनळी आधी पाण्याबाहेर काढा, बर्नर नंतर बंद करा. वाहकनळीला बुन्सेन झडप (वायू बाहेर सोडणारी, पण पाणी आत न येऊ देणारी चीर पाडलेली रबरी नळी) लावली तर उत्तमच. चष्मा मात्र सर्वांनी घालायचाच.