सरत्या वर्षाचं पत्र: कुणाच्या हातून सांभाळलं गेलं?

सगळ्यांना सलाम.

आज ३० नोव्हेंबर २०२५, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार. देवळात पहिली मेणबत्ती लागली आणि मला बाबांच्या पत्राची आठवण झाली. नाताळ जवळ आला की बाबा कार्बन घालून एका बैठकीत चार प्रती काढायचे. एक नगरला, एक जालन्याला, एक कोल्हापूरला आणि एक घरच्या फायलीत. वर्षभरात कोण आजारी पडलं, कुणाचा बाप्तिस्मा झाला, कोण नापास झालं, सगळं त्यात असायचं. हो, नापाससुद्धा.

आता आपण एकमेकांना चांदणीचं चित्र पाठवतो आणि खाली लिहितो, ‘प्रभूने वर्षभर सांभाळलं.’ ते खरंच आहे, पण मला त्याच्या पुढचं वाचायचंय. कुणाच्या हातून सांभाळलं? डबा कुणी आणला, रात्री दवाखान्यात कोण थांबलं, पोरांना शाळेतून कुणी आणलं? तब्येत, चर्चची मंडळी, मुलंबाळं, जे असेल ते लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन-बॅरी आजाराचे, रुग्ण निघायला लागले. आमच्याकडे आधी नुसते जुलाब झाले, ह्यांना आणि धाकट्याला. धाकटा दोन दिवसांत खेळायला लागला. हे आठवड्याने सकाळी दूध आणायला निघाले, तर जिन्यात एका पायातली चप्पल मागे राहिली आणि त्यांना कळलंच नाही. अनवाणी पायाने दोन पायऱ्या उतरून गेले. मी चप्पल पायात सरकवली, तर अंगठ्यात धरवेना.

पहिल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. संध्याकाळी ह्यांना कुलपात किल्ली फिरवता येईना. मग मी कुणाला विचारत बसले नाही, रिक्षा केली आणि मोठ्या हॉस्पिटलला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. पोटातल्या जंतूशी लढायला उठलेली शरीराची ताकद चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. पाच दिवस आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध, चढवलं. श्वासाचे स्नायू धरले गेले तर व्हेंटिलेटर लावावा लागतो, म्हणून सिस्टर दर थोड्या वेळाने त्यांना एका दमात आकडे मोजायला लावायच्या. पंचवीसपर्यंत गेले की माझा जीव खाली पडायचा. एका रात्री बारावर थांबले. त्या रात्री मी प्रार्थनाही धड करू शकले नाही. नुसते आकडे म्हणत होते, तेरा, चौदा, पंधरा.

व्हेंटिलेटर लागला नाही. एकोणीस दिवसांनी घरी आले, व्हीलचेअरवर.

आता हात सांगते. महिला मंडळाने वहीत पाळ्या लावल्या होत्या, सकाळचा डबा वेगळा, रात्रीचा वेगळा. पाळकीणबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी, रोज दुपारी दोन ते चार बाकावर येऊन बसायच्या, मला झोप मिळावी म्हणून. आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी, त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, त्यांनी दोन महिने आमचंही पिण्याचं पाणी उकळून कळशी दारात ठेवली. मला एकदाही सांगावं लागलं नाही.

हे आमच्या मंडळीत पेटी वाजवतात. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, नुसते पेटीजवळ बसून राहिले. २० एप्रिलला, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत, तरुण संघातल्या एकाने भाता हलवला आणि ह्यांनी उजव्या हाताच्या तीन बोटांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन वाजवलं. सूर मागे पडत होते. मंडळी त्यांच्यासाठी थांबून थांबून गात होती. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत, फिजिओ चालू आहे. पण गेल्या महिन्यापासून दूध तेच आणतात.

कोंढव्याहून, स्टाफ नर्स

धायरीच्या ताई, जानेवारीत आकडे मोजून घेणाऱ्यांत मीही होते. तुमच्या हॉस्पिटलात नसेन, पण आमच्या आयसीयूतही तेच चाललं होतं. एक सांगू? बाहेर बाकावर बसलेल्या बायका आम्हाला दिसतात. कोण जेवलं नाही, तेही कळतं. आकडा चांगला आला की मी मुद्दाम दार उघडून मान हलवायची. बोलायला वेळ नसायचा.

आमच्या वॉर्डात दिवाळीच्या ड्युट्या आम्ही ख्रिस्ती मुली उचलतो आणि नाताळला बाकीच्या आमच्या उचलतात. तरी सगळ्यांना २४ ची रात्र मिळत नाही, मग चिठ्ठ्या टाकतो. गेल्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली. त्याच संध्याकाळी लेकीची संडे स्कूलची नाटिका होती आणि ती मेंढरू झाली होती. नवऱ्याने जुन्या उशीतला कापूस काढून बनियनवर फेविकॉलने चिकटवला. मी व्हिडिओ पहाटे चार वाजता पाहिला, औषधांच्या ट्रॉलीजवळ उभी राहून. तिने स्टेजवरून हात हलवला होता, जिथे मी दरवेळी बसते त्या खुर्चीकडे.

तब्येतीचं लिहायचं तर, पाच वर्षांत मी स्वतःची एकही तपासणी केली नव्हती. जिना चढताना दम लागायचा, मी ‘ड्युटीचा शीण’ म्हणायची. सप्टेंबरमध्ये मॅट्रनबाईंनी धरून रक्त काढलं. हिमोग्लोबिन आठ निघालं. आता गोळ्या चालू आहेत. बायांनो, दुसऱ्यांच्या फाइली सांभाळता, तशी स्वतःचीही काढा.

नाना पेठेतून

आम्ही कॅथलिक, सिटी चर्चचे. पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं हे चर्च, आणि सासूबाईंचा बाप्तिस्मा, लग्न, मिस्सा, सगळं तिथेच झालं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. त्यांनी टीव्ही लावायला सांगितला आणि माळ हातात घेतली. मे महिन्यात नवीन पोप, चौदावे लिओ, निवडले गेले ते त्यांना पाहायला मिळालं. जूनमध्ये त्या गेल्या.

जाण्याआधी त्यांनी पेटीतली लग्नातली पांढरी साडी काढायला लावली. नातीच्या पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक त्या साडीचाच शिवायचा. मला कात्री लावायचा धीर होईना. शेवटी आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी साडी समोर धरून विचारलं, “कुठला भाग त्यांना आवडायचा?” मी पदर दाखवला. पदर त्यांनी छातीवर घेतला. शिलाई घेतली नाही.

घोरपडीहून, रेल्वेतून निवृत्त

माझं थोडक्यात. गेली चौदा वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू. ईस्टरआधीच्या उपवासकाळात डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की उपाशी राहू नका. मी ऐकलं नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) सकाळची गोळी घेतली, पोटात काही नाही, आणि बारा ते तीनच्या उपासनेला जाऊन बसलो. क्रुसावरच्या सात शब्दांपैकी चौथ्या शब्दाच्या संदेशाला घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचे पाळक दोन दोन दिसायला लागले. शेजारच्या बाकावरच्या दहाएक वर्षांच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि आईला न विचारता पर्समधली चॉकलेटं काढून माझ्या हातात कोंबली. पाळक खाली आले, तेही उपासना थांबवून. कुणीतरी आवाराबाहेरून चार चमचे साखर घातलेला चहा आणला.

माझं लहानपण गुरुवार पेठेत पंचहौदाजवळ गेलं. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, झालं, हे वडील नेहमी सांगायचे. एका कप चहाने किती काय होतं! मी त्या दिवशी कपाकडे बघत तेच आठवत होतो.

आमच्या वयाच्यांना कळकळीने सांगतो. साखरेची औषधं चालू असतील तर उपास धरू नका, धरायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळकांनी पुढच्या रविवारी वेदीवरून हेच सांगितलं. मुलीचं नाव मला अजून माहीत नाही. आई-बापांनी वाचलं तर तिला माझा सलाम सांगा.

हडपसरहून, एक आई

मुलगा यंदा दहावी झाला, ७१ टक्के. अकरावीचे प्रवेश यंदा पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन होते. चौथ्या पसंतीचं कॉलेज मिळालं, घरापासून दोन बस लागतात. ते होईल.

लिहायचं आहे ते वेगळं. दृढीकरणाचा, म्हणजे मोठ्या मुलांनी मंडळीपुढे विश्वास कबूल करण्याच्या तयारीचा, वर्ग त्याने अर्ध्यात सोडला आणि जुलैपासून उपासनेला यायचा बंद झाला. मी रागावले, रडले, एक रविवार त्याच्या खोलीचं दार वाजवत बसले. पाळकसाहेब घरी आले तेव्हा मला वाटलं आता त्याला समजावतील. त्यांनी त्याला विचारलं, “आपल्या मायकातून घरघर येते रे, काय झालं असेल?” शनिवारी हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेला. वायर बदलली, सोल्डरिंग केलं. आता दर शनिवारी जातो. रविवारी अजून येत नाही. मी दार वाजवणं सोडलंय. तुमच्या प्रार्थनेत त्याला असू द्या.

हडपसर, सातववाडी

मी पहिल्यांदाच लिहितेय. आमचे हे ऑगस्टमध्ये गेले, झोपेत. पावसाचे दिवस होते. कबरस्तानात पाणी साचलं होतं आणि मंडळीतली पोरं बादल्यांनी उपसत होती. त्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या मला अजून दिसतात.

यंदा घरात फराळ नाही. करंज्या-चकल्या तुम्ही आणून द्याल, ते मला माहीत आहे, त्याची काळजी नाही. पण चांदणी लावावी की नाही, हे दोन आठवडे मनात घोळतंय. ती ह्यांनी कॅम्पातून आणलेली, कागदाची, लाल-पांढरी. दरवर्षी १ डिसेंबरला गॅलरीत तेच लावायचे. मुलगी बंगळुरूहून फोनवर म्हणाली, “आई, लाव, बाबांना अंधार आवडायचा नाही.” काल माळ्यावरून काढली. कागद चांगला आहे, पण वायर कुरतडलेली आहे, होल्डरही सैल झालाय. माझा हात वरच्या हुकापर्यंत पोचत नाही. शनिवारी कुणी मोकळं असेल तर सांगा.

हडपसरहून, वर लिहिलेली आई

मावशी, मुलाला वाचून दाखवलं. शनिवारी संध्याकाळी सहाला येतो म्हणतोय, नवा होल्डर आणि दोन मीटर वायर घेऊन. शिडी आहे का घरी, विचारतोय.

हडपसर, सातववाडी

आहे. जेवूनच जा म्हणावं.