परदेशी एमएससाठी (पदव्युत्तर पदवी) रान म्हणजे शेतजमीन विकावी का?

तापीकाठ : विकावं, दोन एकर तरी. रावेर-यावलकडे दहा एकर केळी असली तरी शैक्षणिक कर्जाला तिचा तारण म्हणून सहसा उपयोग नाही. सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जासाठी बँकेला कोर्टाबाहेर तारण विकू देणारा) कलम 31 ने शेतजमीन वगळलीय. हप्ते थकले तर बँक त्या कायद्याने ती विकू शकत नाही. गावठाणातलं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर नुसत्या नमुना 8 वर (ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा) सहसा तारण घेत नाहीत. उरते विनातारण कर्ज देणारी वित्तकंपनी, व्याज चढं. उलट पालिकेच्या हद्दीपासून पुरेशी लांब शेती (रावेरसारख्या गावापासून 2 किमी, जळगाव-भुसावळपासून 6 किमीपलीकडे) विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही.

अमळनेरी : भाऊ, रान एकदा गेलं की गेलं. मामाचा जळगावातला प्लॉट तारण चालतो, नाव विद्यार्थ्याचंच लागतं असं नाही. बिनशेती आदेश, मंजूर ले-आउट आणि मूळ खरेदीखत हवं. खरेदीखत हरवलेलं असलं की फाइल तिथंच अडते, म्हणून प्रवेशाआधी ट्रंका उघडा. शिवाय प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (1961 च्या कायद्यात कलम 80ई) 8 वर्षं, रकमेला मर्यादा नाही.

तापीकाठ : वजावट कशातून? शेतीच्या उत्पन्नावर मुळात कर नाही, पोरगा कमावणार तिकडे. त्यातही ती फक्त जुन्या करप्रणालीत. आणि आकडा बघा: 40 लाख, 10.5 टक्के, दोन वर्षांत निम्मे-निम्मे उचलले, वर हप्त्याविना मोकळं एक वर्ष. हप्ता सुरू होईतो सरळ व्याजच साडेदहा लाख. मग 10 वर्षं महिना साधारण 68 हजार. नोकरी लागली नाही तर सहकर्जदार बापाच्या दारात.

धुळेकर : दोघंही 40 लाख धरूनच भांडताय. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही (बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये सत्राला 1500 युरो, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता घेतं). व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (पैसे आधी भरून ठेवायचे, दरमहा ठरावीकच काढता येतात) वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे, महिन्याला 992 सुटतात. ती फी नव्हे, पोराचाच जेवणखर्च. एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा जर्मन दाखला) मात्र आधी काढा, त्याशिवाय व्हिसाची फाइल पुढं सरकत नाही.

अमळनेरी : तेही रान विकूनच भरणार? स्वतःचे पैसे वर्षाला 10 लाखांवर पाठवले की टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर) कापतात, रिटर्न भरेपर्यंत अडकतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर कापत नाहीत.

साक्रीवाला : आमच्याकडं आदिवासी खातेदाराला बिगरआदिवासीला जमीन विकायला जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ ची सरकारी परवानगी लागते. हा वादच तिथं लागू नाही. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जमातींना देशभरात वर्षाला 20 जागा. नंदुरबार-साक्रीच्या पोरांनी आधी तो अर्ज भरावा, राज्याच्या आदिवासी विकास विभागाचा वेगळा. उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता हातात नसेल तर तारीख निघून जाते.