व्हॉट्सॲप स्टेटसवरून राजीनामा मागतायत, सही करू का? (मदत हवी आहे)

वाचनमात्र_चाकण
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, आज धागा काढायची वेळ आली.

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं क्वालिटीला आहे. नाव देत नाही. आमचे मालक या विधानसभेला एका उमेदवाराच्या मागे उघड उभे होते. दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यावरसुद्धा त्याचाच फोटो. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी १७ नोव्हेंबरला, रविवारी, सुट्टीच्या दिवशी, समोरच्या उमेदवाराच्या पदयात्रेत गेलो आणि गळ्यात उपरणं घातलेला फोटो स्टेटसला ठेवला. कंपनीचं नाव नाही, युनिफॉर्म नाही, कुणाला शिवी नाही.

निकालानंतरच्या सोमवारी एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं आणि मोबाईल माझ्याकडे फिरवला. माझ्या स्टेटसचा स्क्रीनशॉट. वरच्या कोपऱ्यात बॅटरी १४ टक्के. त्या काय बोलत होत्या ते निम्मं ऐकूच आलं नाही, कारण डोक्यात एकच चालू होतं, आमच्यात कुणाचा फोन कायम मरायला टेकलेला असतो? (कळलं. रोज शेजारी बसून डबा खातो.)

"तुमचे विचार आपल्या कंपनीत बसत नाहीत," म्हणाल्या. टाईप केलेला राजीनामा तयारच होता, माझं आडनाव चुकलेलं. शुक्रवारपर्यंत सही करा, नाहीतर टर्मिनेट करू आणि मग एक्स्पिरियन्स लेटरची आशा सोडा. तेव्हापासून पंचिंग होतंय, पण काम देत नाहीत. स्टोअरमध्ये खुर्ची टाकून बसवलंय.

असं काढता येतं का हो? घटनेत विचारस्वातंत्र्य आहे ना? घरी होम लोन आहे, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आणि एक. तीन वर्षांपूर्वी डिस्पॅचच्या एका पोराला फेसबुक पोस्टवरून असंच घालवलं होतं. तो माझ्या विरुद्ध बाजूचा. तेव्हा मी "बरं झालं" म्हणालो होतो. परवापासून तो सारखा आठवतोय.

मिसळ_कमी_तिखट
सही करू नका. बाकीचं नंतर वाचा.

कोर्टाची_पायरी
वरच्यांना अनुमोदन. राजीनामा दिलात की "आम्ही काढलंच नाही, ते स्वतः गेले" म्हणायला ते मोकळे, आणि जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

आता घटनेचं. विचारस्वातंत्र्य देणारं कलम १९ मुख्यतः सरकारचे हात बांधतं, मालकाचे नाही. हे हक्क खासगी माणसांविरुद्धही मागता येतात असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं आहे, पण त्या भरवशावर नोकरी वाचेल असं समजू नका. नोकरीत राजकीय मतावरून भेदभाव नको, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार आहे. भारताने तो १९६० सालीच मान्य केला. तरी खासगी मालकाला "राजकीय मतासाठी काढू नकोस" असं सरळ बजावणारा कायदा आपल्याकडे नाही.

तुमचा खरा आधार वेगळाच आहे. तुम्ही कायद्याच्या भाषेत 'कामगार' आहात का? कार्डावर 'सिनियर एक्झिक्युटिव्ह' छापलंय म्हणून घाबरू नका, हुद्दा बघत नाहीत, दिवसभर प्रत्यक्ष काय करता ते बघतात. कुणाची रजा मंजूर करता? कुणाला मेमो देता?

कामगार असाल, तर महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. त्याखाली तक्रार करण्याला आम्ही 'यूएलपी टाकणे' म्हणतो. सूडबुद्धीने किंवा अधिकाराचा नुसता देखावा करून काढणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. मुदत ९० दिवस. काढून टाकेपर्यंत थांबायचीही गरज नाही. काढण्याच्या बेतात असतील तरी तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. अंतरिम मनाई मागता येते. दुसरा रस्ता औद्योगिक विवादांच्या केंद्रीय कायद्याचा. लेबर ऑफिसला समेटासाठी अर्ज, ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरण. तिथे मुदत जास्त आहे, पण वेळ खातो. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही, तेव्हा आधी वकिलाला कागद दाखवा.

मॅनेजर ठरलात तर मात्र कठीण. नोटिशीचा पगार घ्या आणि बाहेर पडा, इतकंच उरतं.

सात_माणसांचा_मालक
थोडी दुसरी बाजू. माझं छोटं फॅब्रिकेशन आहे. माझ्याकडचा एक वेल्डर जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या जातीवरून बोलायचा आणि त्याला राजकीय मत म्हणायचा. दोन पोरं त्याच्याबरोबर काम करेनात. शेवटी मी त्याला काढलं. चुकलो का? सगळेच मालक सुडाने काढतात असं नाही. शॉप फ्लोअर शांत ठेवायची जबाबदारीही आमचीच असते.

कोर्टाची_पायरी
@सात_माणसांचा_मालक, तुम्ही त्याच्या वागण्यासाठी काढलंत, मतासाठी नाही. ते वागणं कागदावर आणायचं, चार्जशीट द्यायची, त्याचं ऐकून घ्यायचं. तुम्ही हे केलं होतंत का, ते इथे विचारत नाही :)

खडू_फळा
मी झेडपी शिक्षक. आमच्याकडे गंगा उलटी वाहते. आम्हाला पक्षात जायलाच बंदी, पण काढायचं तर चौकशी करावीच लागते. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाची नोकरी, तो पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कामात होता असा पोलीस रिपोर्ट आला म्हणून, १९७४ मध्ये गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. लिहिणारे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी, म्हणजे संघाच्या विचारांचे नक्कीच नव्हेत. केंद्र सरकारच्या नोकरांना संघाच्या कार्यक्रमाला जायला १९६६ पासून असलेली बंदी मात्र जुलै २०२४ मध्ये उठली. त्यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस भांडण चाललं होतं. बंदी असताना भांडणारे वेगळे होते, एवढाच फरक.

लीड्सचा_पाऊस
इथल्या शेजारच्या गावची गोष्ट. ब्रॅडफर्डमध्ये रेडफर्न नावाचा ड्रायव्हर अपंग प्रवाशांना ने-आण करायचा. प्रवासी बहुतेक आपल्या उपखंडातले. २००४ मध्ये हा गोऱ्यांच्या वर्चस्ववादी पक्षाकडून नगरसेवक झाला आणि नोकरी गेली. गंमत म्हणजे त्याच्याविरुद्ध कामाची एकही तक्रार नव्हती, उलट त्याच्या आशियाई सुपरवायझरनेच त्याचं नाव उत्तम कर्मचारी म्हणून सुचवलं होतं. नोकरीला वर्ष झालं नव्हतं म्हणून इथे दाद मिळाली नाही. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने कायदा बदलला. आता राजकीय मतावरून काढलं तर पहिल्या दिवसापासून दाद मागता येते. मला तो पक्ष पाहून अजून शिसारी येते. माझ्यासारख्यांच्या विरोधात उभा राहिलेला पक्ष तो. पण उद्या मला काढलं तर मी ज्या कायद्याने भांडेन, तो त्या माणसामुळे आलाय.

जर्सी_सिटी
आमच्याकडे तर बहुतेक राज्यांत कारणच द्यावं लागत नाही. २०१७ मध्ये व्हर्जिनियात एका सायकलवाल्या बाईने ट्रम्पच्या ताफ्याला मधलं बोट दाखवलं, फोटो व्हायरल झाला, नोकरी गेली. दोन वर्षांनी ती त्याच काउंटीच्या बोर्डावर निवडून आली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत कायद्याचं थोडं छत्र आहे. धागाकर्त्याने निवडणूक लढवावी असं सुचवत नाहीये.

वाचनमात्र_चाकण
सगळ्यांचे आभार. शुक्रवारी सही केली नाही. "मी राजीनामा देत नाही, कामावर हजर आहे, काम द्यावं" एवढ्या तीन ओळी ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. पोचपावती जपून ठेवलीय. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, फोटोत उपरणं तिरकं होतं, ते तरी नीट घालायचं.

@कोर्टाची_पायरी, रजा कुणाची मंजूर करत नाही, माझीच होत नाही. व्हर्निअर, गो-नोगो गेज (पार्टची मापं तपासायची साधनं) आणि रिपोर्ट, दिवसभर एवढंच. त्या रिपोर्टांवरच्या माझ्या सह्यांच्या प्रती पुरावा म्हणून चालतील का? मात्र त्या कंपनीच्या आहेत, बाहेर काढल्या तर उलट चोरीचा आळ यायचा.

कोर्टाची_पायरी
बाहेर काढू नका. कुठल्या तारखांचे रिपोर्ट, कुठल्या फाईलला आहेत, ते वहीत लिहून ठेवा. कंपनीने ते हजर करावेत असा अर्ज कोर्टात देता येतो. डबा कुणाबरोबर खाताय सध्या?

वाचनमात्र_चाकण
त्याच्याबरोबरच. चार्जर मागत होता, दिला. आणि त्या डिस्पॅचच्या पोराचा नंबर मिळवलाय. दोनदा लावला, उचलत नाही.